चित्त्याच्या संगोपनाचा जमाखर्च

घरात मांजर पाळावे की नाही, हा प्रश्न एखाद्या कुटुंबात निघाला म्हणजे मुले मांजराच्या बाजूने आणि गृहिणी दुधाच्या पातेल्याच्या बाजूने उभी राहते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. अशा वेळी जो हिशेब मांडला जातो तो फार साधा असतो. दोन वेळचे बशीभर दूध, पोळीचा कुस्करा, ओरबाडलेली एखादी गादी, एवढ्यात तो आटोपतो. परंतु प्राणी पाळण्याच्या खर्चात काही कलमे अशी असतात की, ती वहीत दिसत नाहीत आणि अखेरीस तीच सर्वांत भारी ठरतात. या गोष्टीचे मोठे बोधप्रद उदाहरण करवीर नगरीच्या इतिहासात सापडते. तेथेही एक मार्जार पाळले जात असे; मात्र त्याच्या दिमतीला गाड्या, बैल आणि माणसे लागत. ते मार्जार म्हणजे चित्ता.

चित्ता हा मार्जारकुलातलाच प्राणी होय. अंगावर ठिपके चितारलेला या अर्थाच्या संस्कृत शब्दापासून त्याचे नाव निघाले आणि तेच पुढे इंग्रजीनेही उचलले. आपल्याकडे पुष्कळदा बिबळ्यालाच चित्ता म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु दोघांत महदंतर आहे. बिबळ्याच्या अंगावर काळी कडी असतात, तर चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत आसवे ओघळल्यासारखी एक काळी रेघ गेलेली असते. तो डरकाळी फोडीत नाही; प्रसन्न असला म्हणजे घरच्या मांजराप्रमाणे घुरघुरतो. तासाला १०० किलोमीटरहून अधिक वेगाने तो धावू शकतो, परंतु काहीशे मीटरांतच त्याचा दम संपतो. माणसाच्या अंगावर तो सहसा जात नाही. या वेगामुळे आणि या सौम्यपणामुळेच राजेलोकांची त्याच्यावर मर्जी बसली.

राजर्षी शाहू छत्रपती २ एप्रिल १८९४ रोजी करवीरच्या गादीवर आले. कुस्ती, हत्ती, घोडे यांप्रमाणेच शिकारीचीही त्यांना मोठी हौस होती, आणि चित्त्याकडून काळवीट धरविण्याचा जुना खेळ त्यांच्या दरबारात विशेष नावारूपास आला. बडोद्याच्या गायकवाडांकडेही हा शौक होता. कोल्हापूर राज्याचा पश्चिमभाग सह्याद्रीच्या दाट रानाचा आणि पूर्वभाग मोकळ्या माळाचा. दाट रानात चित्त्याचा वेग फुकट जातो. त्याला उघडा माळच पाहिजे, आणि काळवीटही माळावरच राहणारे. शाहू महाराज १९२२ मध्ये निवर्तले. त्यांच्यामागून राजाराम महाराजांनी १९४० पर्यंत राज्य केले, आणि त्यांनीही चित्ते बाळगले. चित्तेखाना, चित्तेवान हे शब्द त्या काळी कोल्हापुरात पोरासोरांच्याही तोंडी असत.

आता या मार्जाराच्या प्राप्तीचा खर्च पाहू. मांजराचे पिल्लू शेजारच्या घरातून आणता येते; चित्त्याचे तसे नव्हते. आईजवळ शिकारीचे धडे न घेतलेले पिल्लू पुढे शिकारीच्या कामाचे होत नाही, अशी जाणत्यांची समजूत होती. म्हणून पूर्ण वाढलेला, रानात स्वतः शिकार करणारा चित्ताच जिवंत धरावा लागे. चित्त्यांना काही ठराविक झाडांकडे पुनःपुन्हा येऊन खोडावर नखे ओरखडण्याची खोड असते. अशा झाडाभोवती हरणाच्या तातीचे फास मांडून पारधी लोक त्याला पकडीत. कोठे खड्डे खणूनही धरीत, परंतु त्यात जनावराचे पाय मोडण्याचे भय असे. या कामाला रानाची जी विद्या लागे ती पुस्तकात नव्हती. ती पारध्यांच्या कुळात होती. ज्या फासेपारध्यांकडे समाज गुन्हेगार म्हणून पाहत असे, त्यांना शाहू महाराजांनी आपल्या पदरी काम आणि निवारा दिला, ही गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे.

जनावर हाती आले म्हणजे शिक्षणास प्रारंभ होई. हिंदुस्थानातील चित्तेवानांची यासंबंधीची रीत मोठी चमत्कारिक होती. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला खाटेवर बांधून ठेवीत. चित्तेवानाच्या घरची बायकामुले त्याच्याजवळ बसून दिवसभर बोलत राहत. हेतू हा की, मनुष्याच्या आवाजाची त्याला सवय व्हावी. पुढे त्याला बाजारातून हिंडवीत, म्हणजे गर्दीला आणि कुत्र्यांच्या भुंकण्याला तो बुजेनासा होई. पुष्कळ चित्तेवान त्याच्या शेजारीच निजत. रानचे जनावर माणसाळविण्यास महिनोन्‌महिने लागत आणि तेवढा काळ एक सबंध कुटुंब त्या कामात गुंतलेले असे. त्या बायकामुलांच्या श्रमाचे कलम कोणत्याही दरबारच्या वहीत स्वतंत्र लिहिलेले आढळायचे नाही.

शिकारीच्या दिवशी टोपी घातलेल्या चित्त्याला गाडीत बसवून कळपाच्या जवळ नेत. गाडीबैलांना काळविटे फारशी बिचकत नाहीत. योग्य अंतर साधताच टोपी काढीत, आणि पुढचा सर्व प्रकार मिनिटाच्या आत संपे. काळवीट हाती लागले तर चित्तेवान धावत जाऊन त्याचे रक्त लाकडी पळीतून चित्त्यासमोर धरी, आणि तो ते चाटण्यात गुंतला असता पुन्हा टोपी चढवी. काळवीट निसटले तर मात्र चित्ता रुसून बसे, आणि त्याची समजूत काढण्याचे कामही चित्तेवानाचेच.

या सर्वांस रोजचा खर्च किती येत असावा, हे ठरविण्यास एक उत्तम साधन उपलब्ध आहे. अकबर बादशहाचा मंत्री अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात शाही चित्त्यांच्या खर्चाची तपशीलवार नोंद केली आहे. चित्त्यांचे आठ वर्ग होते. पहिल्या वर्गाच्या चित्त्यास रोज ५ शेर मांस मिळे, आणि आठव्यास पावणेतीन शेर. रविवारी पशुहत्या बंद असल्यामुळे शनिवारी दुप्पट वाटप होई. खरूज होऊ नये म्हणून वर्षातून एकदा अंगाला लावण्यासाठी ४ शेर लोणी आणि थोडे गंधक मंजूर असे. गाडीतून जाणाऱ्या चित्त्याला दोन माणसे आणि घोड्यावर बसून जाणाऱ्याला तीन माणसे असत. त्यांचे पगार दरमहा ५ रुपयांपासून ३० रुपयांपर्यंत होते.

या आकड्यांची बेरीज करून पाहण्यासारखी आहे. रोज ५ शेर म्हणजे वर्षाला १८२५ शेर, अर्थात त्या वेळच्या मापाने सुमारे साडेपंचेचाळीस मण. त्याच ग्रंथात बकऱ्याच्या मांसाचा भाव मणास ५४ दाम दिला आहे, आणि रुपयाचे दाम होत ४०. म्हणजे पहिल्या वर्गाच्या चित्त्याचे वर्षाचे मांस सुमारे ६२ रुपयांत भागत असे. उलटपक्षी, दोन चित्तेवानांना अगदी कनिष्ठ पगार धरला तरी वर्षाचे १२० रुपये होतात. जनावराच्या तोंडात जेवढे जाई त्याच्या जवळजवळ दुप्पट त्याची निगा राखण्यात खर्ची पडत असे. पोसण्यापेक्षा सांभाळणे महाग, हा या हिशेबाचा पहिला धडा. आणि तो बशीभर दुधाचा हिशेब मांडणाऱ्या घरासही लागू पडतो.

दुसरा धडा याहून कठोर आहे. अकबराने एक हजार चित्ते जमविले होते, असे त्याचा पुत्र जहांगीर लिहितो. त्यांची वीण व्हावी अशी अकबराची फार इच्छा होती. बागांतून नर-मादी एकत्र सोडून पाहिले, परंतु यश आले नाही. पुढे जहांगीराच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तिला तीन पिल्ले झाली. बंदिवासातील चित्त्यांची यानंतरची नोंदलेली वीण थेट १९५६ मधली, तीही अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली.

या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. घोड्यांच्या पागेत शिंगरे होतात, गोठ्यात वासरे होतात. चित्तेखान्यात मात्र पाळणा हलत नाही. जुना चित्ता मेला की त्याच्या जागी नवा आणावयाचा तो रानातूनच. आणि रानातून धरलेल्या मादीबरोबर तिची पुढची सर्व संततीही रानाला अंतरते. शतकानुशतके राजेरजवाडे व्याज खातो आहोत अशा समजुतीत होते. वस्तुतः ते मुद्दल खात होते. हा दोष एकट्या राजेलोकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. माळराने नांगराखाली गेली, काळविटांचे कळप विरळ झाले, आणि इंग्रजी अमलात हिंस्र श्वापद म्हणून चित्ता मारणाऱ्यास बक्षिसेही मिळत. तथापि जिवंत चित्ता हवाहवासा वाटणाऱ्यांनीही त्याच्या नाशास हातभार लावला, हे नाकारता येत नाही.

याची खूण कोल्हापुरातच पटली. विसाव्या शतकाच्या आरंभी देशी चित्ते मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा हौस पुरी करण्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणविण्यात येऊ लागले. कोल्हापूर आणि भावनगर ही संस्थाने यात प्रमुख होती. ज्या देशाने या प्राण्याला नाव दिले, त्या देशाला तो प्राणी समुद्रपार विकत घ्यावा लागला! दाराशी मांजर येईनासे झाले म्हणजे उंदरांनी घर भरते. येथे दाराशी चित्ता येईनासा झाला आणि कोणाला फारसे जाणवलेही नाही, कारण चित्तेखान्यातील खाटा परदेशी पाहुण्यांनी भरलेल्या होत्या.

डिसेंबर १९४७ मध्ये मध्य हिंदुस्थानातील कोरिया संस्थानच्या अधिपतीने एकाच रात्री तीन नर चित्ते मारले. हिंदुस्थानातील रानच्या चित्त्यांची ती अखेरची निर्विवाद नोंद मानली जाते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थाने गेली तसे चित्तेखानेही गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जनावराशेजारी निजून मिळविलेली चित्तेवानांची विद्या निरुपयोगी ठरली. १९५२ मध्ये चित्ता या देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले.

थकलेले देणे केव्हातरी चुकवावेच लागते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून विमानाने आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात आणण्यात आले, आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. काही दगावले, काहींना पिल्ले झाली. त्यांच्या गळ्यात पट्टे आहेत, ते मात्र खाटेला बांधण्यासाठी नव्हेत. जनावर कोठे फिरते हे दुरून कळावे यासाठी आहेत. काही शे वर्षे खासगी हौसेसाठी जे रानातून काढून घेतले, त्याची भरपाई आता सर्व राष्ट्राच्या तिजोरीतून होत आहे.

म्हणून मांजर घरी आणण्यापूर्वी दुधाचा हिशेब अवश्य करावा. परंतु त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत. याची निगा कोण राखणार, हा पहिला. आणि हा प्राणी जेथून येतो तेथे त्याच्यामागे काय उरते, हा दुसरा. रस्त्यावरचे अनाथ पिल्लू उचलणाऱ्या घराला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःशंक मनाने देता येते. करवीरच्या चित्तेखान्याला ते देता आले नाही.