हुलाची शाळा

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असे कार्यवाह बाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी हवाई बेटांवरील हुला नृत्याविषयी जे वाचले, ते माझ्या परीने सांगते.

हवाईच्या लोकांना पूर्वी लिपी नव्हती. देवादिकांच्या कथा, राजांच्या वंशावळी, सारे गीतांतून मुखोद्गत असे आणि त्या गीतांचा अर्थ अंगाने दाखविणे म्हणजे हुला. शाळेला हालाऊ म्हणत व गुरूला कुमू. तेथे लाका देवीची वेदी पानाफुलांनी सजवीत. शिक्षण चालू असेतो केस-नखे कापावयाची नाहीत, इतके कडक सोवळे! शिष्य आपल्यातूनच एक म्होरक्या निवडीत. दाराशी सर्वांनी एका सुरात गाऊन आत येण्याची परवानगी मागावयाची आणि गुरूने आतून गाऊन उत्तर द्यावयाचे, ही रीत आजही आहे. एकटीचाच आवाज चांगला असून तेथे भागत नाही. बरोबर शिकणाऱ्या त्या 'हुला-बहिणी'. हे नाते वर्ग संपला तरी संपत नाही.

१८२० साली तेथे अमेरिकन मिशनरी आले. त्यांना हे नृत्य पाप वाटले. १८३० साली काअहुमानू राणीने जाहीर हुलावर बंदी घातली. बंदी घालणारी एक बाईच, याचे मला फार वाईट वाटले. तरी खेडोपाडी जाणत्यांनी ही विद्या गुपचूप राखली. १८८३ साली कालाकाउआ राजाने आपल्या राज्याभिषेकात हुला उघडपणे करविला, तर कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला झाला! पुढे १८९३ साली राज्यच गेले आणि १८९६ पासून शाळांतून हवाईची भाषाही गेली. भाषा गेल्यावर गीत कळावे कसे?

मायकी आयू लेक या बाईंनी मात्र गुरू घडविण्याचाच वर्ग काढला. १९७३ साली बाहेर पडलेल्या तुकडीला त्यांनी लेहुआ फुलाचे नाव दिले. त्या तुकडीतले रॉबर्ट काझिमेरो यांनी १९७५ साली, बाईंच्याच सांगण्यावरून, केवळ पुरुषांची शाळा सुरू केली. (पूर्वी पुरुषही हुला करीत, हे लोक विसरले होते.) तीस वर्षांनी, २००५ साली, हिलो गावच्या मोठ्या स्पर्धेत ही मंडळी पुन्हा उतरली. काहींनी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, संसारी माणसे. पण पाऊल एकदम पडत होते. पहिला क्रमांक त्यांचाच आला.