गैरहजराची वाट : संगणक सुरू व्हायला वेळ का लागतो? (थ्रेड)

१/ संगणकाचे बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंतच्या काळात पुष्कळदा यंत्र काहीच करीत नसते; ते केवळ वाट पाहत असते. जोडलेली डिस्क किंवा कार्ड विचारणेला उत्तर देते. जे जोडलेलेच नाही, ते ‘मी नाही’ असे सांगणार कसे? त्याच्यासाठी किती थांबावे, या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा हा प्रश्न माणसानेच सोडवलेला असे. मदरबोर्डवर आठ-आठ चिमुकल्या खटक्यांचे दोन संच होते. फ्लॉपी ड्राइव्ह किती, पडदा कोणत्या प्रकारचा, मेमरी किती, हे सारे खटके वरखाली करून यंत्राला सांगावे लागे. हजेरीपट माणूस लिही. यंत्र तो फक्त वाची.

३/ तरीही वेळ लागे, कारण यंत्र प्रत्येक वेळी मेमरीची तपासणी करी. मेमरी जितकी अधिक, तितकी ही तपासणी लांबे. दिवसातून अनेकदा यंत्र पुन्हा सुरू करावे लागणाऱ्या प्रोग्रामरांना हा खोळंबा असह्य होई. आयबीएमचे अभियंता डेव्हिड ब्रॅडली यांनी त्यावर तीन कळांचा तोडगा काढला : कंट्रोल-ऑल्ट-डिलीट.

४/ या तीन कळा एकदम दाबल्या की मेमरीतील एका ठरलेल्या जागी १२३४ ही खूण (सोळांशी पद्धतीतील) लिहिली जाई. पुन्हा सुरू होताना यंत्राला ती खूण दिसली की ते मेमरीची तपासणी गाळून पुढे जाई. नुकतेच तपासलेले पुन्हा तपासू नये, हे या लढ्यातले पहिले सूत्र.

५/ १९८४ च्या पीसी-एटीमध्ये हजेरीपट खटक्यांवरून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्मृतीत गेला. डिस्कचा प्रकार, मेमरीचे प्रमाण तेथे नोंदलेले राही. बॅटरी संपली की नोंद पुसली जाई आणि पडद्यावर १६१ हा दोषक्रमांक उमटे. नोंदवहीवर विसंबणारे यंत्र नोंदवही हरवताच अडून बसे.

६/ पुढे कार्डांची गर्दी झाली : ध्वनीचे, नेटवर्कचे, मोडेमचे. तेव्हाच्या ‘आयसा’ खाचांना आपल्यात कोणते कार्ड बसले आहे, हे कळतच नसे. मग ड्रायव्हर एकेका पत्त्यावर जाऊन चाचपणी करी. एका कार्डासाठी केलेली विचारणा दुसऱ्याच्या दारी पोहोचली, तर ते कार्ड बिघडलेल्या अवस्थेत जाई आणि कधी अवघे यंत्र गोठे. म्हणून लिनक्समध्ये ‘या पत्त्यांवर चाचपणी करू नये’ असे सुरुवातीलाच सांगण्याची सोय ठेवावी लागली.

७/ ऑगस्ट १९९५ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज ९५ ने हा धोका गृहीतच धरला. प्रतिष्ठापना चालू असताना हार्डवेअरचा शोध घेताना प्रत्येक धोक्याच्या पायरीआधी तिची नोंद ‘डेटक्रॅश’ नावाच्या फाइलमध्ये होई. यंत्र गोठले, तर ते बंद करून पुन्हा सुरू करायचे. विंडोज ती नोंद वाचून घातक पायरी ओलांडून पुढे जाई. गोठणे हेही तेथे एक उत्तर मानले गेले.

८/ खरी सुटका १९९२ मध्ये इंटेलने मांडलेल्या पीसीआय रचनेत होती. तीत प्रत्येक कार्ड स्वतःच्या उत्पादकाचा क्रमांक बाळगते. रिकाम्या खाचेला तोच प्रश्न केला, तर सर्व बिट १ असलेले उत्तर मिळते, आणि तो क्रमांक कोणत्याही उत्पादकाला दिलेला नाही. येथे रिकामा बाकच ‘कोणी नाही’ असे तत्काळ सांगतो. वाट पाहण्याचे कारणच उरत नाही.

९/ फिरत्या डिस्कला मात्र हे वरदान लाभले नाही. तबकडीला वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून एटीए मानकाने ३१ सेकंदांपर्यंत मुभा दिली. केबलच्या टोकाला डिस्क नसताना किंवा ती आजारी असतानाही काही बायोस ‘ऑटो’ मांडणीत तिच्यासाठी ताटकळत. जाणकार दुरुस्तीवाला बायोसमध्ये जाऊन त्या रिकाम्या जोडणीपुढे ‘नन’ निवडी, आणि यंत्र चटकन सुरू होई.

१०/ १९९६ मध्ये यूएसबी आली आणि प्रश्न उलटा झाला. आता उपकरण केव्हाही येऊ शकते. मग ‘सगळे आले’ असे म्हणायचे केव्हा? लिनक्सचा यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर पूर्वी नवे उपकरण स्थिरावण्यासाठी ५ सेकंद थांबे. ऑपरेटिंग सिस्टीमच त्या डिस्कवर असेल आणि यंत्र घाईने पुढे गेले, तर डिस्क सापडत नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. थांबण्यात वेळ जातो. न थांबण्यात सर्वस्व.

११/ सप्टेंबर २००८ मध्ये पोर्टलंड येथील लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलचे आर्यन व्हॅन डी व्हेन आणि ऑके कोक यांनी आसुसचा ईई पीसी ५ सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी वेळेचे अंदाजपत्रकच आखले होते : कर्नलला १ सेकंद, प्राथमिक सेवांना १, पडद्याच्या व्यवस्थेला १, डेस्कटॉपला २. एका उपकरणाची वाट पाहताना दुसऱ्याचे काम उरकण्याची सोय २००९ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आली.

१२/ २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी मांडलेल्या सिस्टमडीने हाच विचार पुढे नेला : ज्याला ज्या उपकरणाची गरज, त्यानेच त्याच्यासाठी थांबावे, बाकीच्यांनी चालू लागावे. सर्व उपकरणांची वाट पाहणारी जुनी ‘सेटल’ सेवा वापरू नये, असे तिचे दस्तऐवजच सांगतात, कारण अमुक क्षणी सर्व हार्डवेअर सापडले, अशी हमी कधीच देता येत नाही.

१३/ तरी जुने भूत अधूनमधून भेटतेच. काढून टाकलेल्या डिस्कची नोंद ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये राहिली, तर लिनक्स सामान्यतः तिच्यासाठी ९० सेकंद थांबते. ‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ ही आज्ञा कोणत्या सेवेने किती वेळ घेतला, हे दाखवते. उशीर सेवांच्या आधीचा असेल, तर कर्नलच्या संदेशांतील वेळा पाहाव्यात : दोन ओळींमधली मोठी पोकळी जेथे दिसेल, तेथेच कोणाची तरी वाट पाहिली जात असते. मग बाहेरची उपकरणे एकेक काढून यंत्र सुरू केले की दोषी सापडतो.

१४/ २०१२ च्या विंडोज ८ ने तर कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली आणि पुढच्या वेळी तीच परत उघडली. ब्रॅडली यांचे सूत्र नव्या रूपात आले. ‘रीस्टार्ट’ केल्यावरच तेथे हजेरी पहिल्यापासून घेतली जाते. म्हणून बंद-चालू करूनही न सापडणारे उपकरण कधीकधी रीस्टार्टनंतर सापडते.

१५/ चार दशकांत प्रोसेसरचा वेग कित्येक पटींनी वाढला. गैरहजराची वाट पाहण्याचा काळ मात्र त्या वेगाने कमी होत नाही, कारण तो घड्याळाने मोजला जातो. नवा प्रोसेसर बसवूनही संगणक तितकाच रेंगाळत असेल, तर त्याच्या हजेरीपटावर न आलेल्या कोणाचे नाव अजून उरले आहे, ते आधी शोधावे.