ओव्याच्या फुलाचा इतिहास

पोट दुखले की चिमूटभर ओवा चावायचा, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण ओव्याच्या तेलातून मिळणारे स्फटिक एके काळी पुण्याच्या दुकानांत विकले जात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. 'फार्माकोग्राफिया' या 1874 सालच्या औषधग्रंथात तशी नोंद आहे. उज्जैनकडे तयार होणाऱ्या या स्फटिकांना 'अजवाइन का फूल' म्हणत.

हे फूल म्हणजे नेमके काय? कास्पर न्यूमन यांनी 1719 मध्ये युरोपातील थाइम वनस्पतीच्या तेलातून असाच पदार्थ वेगळा केला होता. 1853 मध्ये त्याला थायमॉल हे नाव मिळाले. ओव्यातला पदार्थही तोच आहे, हे स्टेनहाउस यांनी 1855 मध्ये दाखवले. लिस्टर यांनी जखमांसाठी वापरलेले कार्बोलिक ॲसिड आणि थायमॉल एकाच फिनॉल गटातले. थायमॉलमुळे जंतूंच्या पेशीचे आवरण फाटते आणि आतले द्रव्य बाहेर गळते.

पुढे थायमॉल काढण्यासाठी भारतातून ओवा जर्मनीला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात तो व्यापार तुटला, तेव्हा भारतातच थायमॉल काढण्याचे प्रयत्न झाले.

या औषधाची खरी परीक्षा झाली ती अमेरिकेच्या दक्षिण भागात. तिथे 1909 पासून रॉकफेलर आयोगाने अंकुशकृमींविरुद्ध मोहीम काढली. रुग्णांना थायमॉल आणि नंतर जुलाबासाठी एप्सम सॉल्ट दिले जाई. मात्र त्या दिवशी तेल, तूप, दारू सक्त वर्ज्य असे. कारण थायमॉल त्यांत विरघळते आणि आतड्यात राहण्याऐवजी रक्तात शिरते. या उपचाराने काही रुग्ण दगावलेही. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि थायमॉल मागे पडले.

यातून आपण काय घ्यायचे? 100 ग्रॅम ओव्यातून साधारण 2 ते 4 ग्रॅम तेल निघते आणि त्यात जवळपास निम्मे थायमॉल असू शकते. म्हणजे चिमूटभर ओवा हा मसाला आहे, पण त्याचे तेल हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा लागते. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मेले, म्हणून तेच तेल पोटात घेतल्याने संसर्ग बरा होईल असे नाही. लहान मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या तेलाचा एक थेंबही पाजू नका. वनस्पतीतून आले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.