छायाचित्र-फेरफार, स्त्रीप्रतिमांतील
जाहिराती व नियतकालिकांतील स्त्रियांच्या छायाचित्रांत बांधा, त्वचा वा वर्ण बदलणारे संस्करण. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या झाकण्याची स्टुडिओप्रथा एकोणिसाव्या शतकातली (पहा : छायाचित्रण), १९९० मध्ये फोटोशॉप ही संगणकप्रणाली आल्यावर फेरफार सुलभ झाला. त्यात प्रश्न दोन : चित्रित स्त्रीची संमती आणि पाहणाऱ्याची दिशाभूल. ब्रिटिश ‘जीक्यू’ मासिकाने २००३ मध्ये अभिनेत्री केट विन्स्लेट यांना मुखपृष्ठावर सडपातळ केले, त्याला त्यांनी जाहीर आक्षेप घेतला. इझ्राएलने २०१२ मध्ये फेरफार केलेल्या जाहिरातींवर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये हा नियम ऑक्टोबर २०१७ पासून लागू असून दंड ३७,५०० युरोंपर्यंत आहे. मात्र हा नियम मॉडेलच्या शरीराच्या जाडीपुरताच, त्वचेची सफाई त्यातून सुटते. वर्णाबाबत भारतात जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांच्या जाहिरातींत सावळ्या व्यक्तींना अनाकर्षक दाखवण्यास मनाई केली (पहा : जाहिरात, वर्णभेद).