कापरेकर मास्तरांची एक संख्या

पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सांगू लागले म्हणजे पोथीतील एकेक चित्र पुढे धरून कथा चालवितात. आमच्या आजच्या कथेत चित्र एकच आहे, आणि तेही आकड्यांचे : १२३४५६७८९८७६५४३२१.

नऊ एके ओळीने मांडून त्या संख्येचा वर्ग केला म्हणजे ही सतरा आकडी संख्या येते. गुणाकार पाटीवर मांडून पाहावा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ वरच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करताना कडेच्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, असे वाढत मध्यावर नऊ एके जमतात व पुन्हा तसेच उतरतात. हातचा कोठेच धरावा लागत नाही. दहा एके घेतले की मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा डावीकडच्या नवास मिळून त्याचेही दहा होतात, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेलाच !

अशा संख्यांच्या मागे जन्मभर लागलेले गृहस्थ म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर राहिले. जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर या संख्यांचा विचार त्यांना सुचला, ते आजचे डोंबिवली. त्याच्या जुन्या नावावरून त्यांनी यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले.

विद्वानांपैकी अनेकांनी हा पोरखेळ मानला. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता : आकड्यांची ही नक्षी आपण दहांच्या पटीने मोजतो म्हणून दिसते, आठांच्या पटीने मोजू लागलो तर ती निराळी होईल. पण म्हणून तिच्यामागे कारण नाही असे थोडेच आहे ? १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडलेल्या त्यांच्या ६१७४ या संख्येची कीर्ती १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने जगभर गेली, हेही येथे सांगितले पाहिजे. कापरेकर १९८६ साली वारले.

त्यांनीच नाव दिलेला दुसरा एक वर्ग म्हणजे ‘हर्षद’ संख्या, हर्ष देणाऱ्या. आपल्या आकड्यांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद. वरच्या संख्येतील आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागल्यास भागाकार येतो बरोबर १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे मास्तरांची ही डेम्लो संख्या हर्षदही ठरली. कारण उघड आहे : नऊ एकांच्या संख्येस ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ८१ ने जातो. एका एक्यापासून नऊ एक्यांपर्यंतच्या नऊ वर्गांत हे भाग्य तिघांनाच लाभले आहे : १, १२३२१ आणि ही. दोन एक्यांचा वर्ग १२१. त्याची बेरीज ४, भाग जात नाही. बाकीचे पाच श्रोत्यांनी घरी करून पाहावेत.