दूधसागर, रेल्वे आणि मीठ

दूधसागरचा फोटो डोळ्यांसमोर आणा. साधारण 310 मीटरवरून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी आणि त्याच्या कमरेवरून जाणारी आगगाडी. ही गाडी काढून टाकली तर फोटो निम्मा होतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने धबधब्यापेक्षा त्या गाडीकडेच जास्त बघावं असं मला वाटतं. इतक्या अवघड घाटात रूळ कोणी टाकले, आणि कशासाठी?

पर्यटनासाठी नक्कीच नाही. 26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात गोव्याविषयी एक तह झाला. मुरगाव बंदर बांधायचं आणि तिथून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे न्यायची असं त्यात ठरलं. कंपनी ब्रिटिश, व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. 1888 मध्ये घाटातला मार्ग पूर्ण झाला आणि कॅसल रॉकला ब्रिटिश मुलखातल्या रेल्वेशी जोडला गेला. दूधसागर हा या मार्गावर वाटेत लागला, एवढंच!

खरी गंमत तहाच्या दुसऱ्या भागात आहे. दोन्ही हद्दींमधली जकात उठली, पण त्या बदल्यात गोव्यातल्या मिठावर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता, त्यामुळे शेजारचं स्वस्त मीठ त्यांना परवडणारं नव्हतं. पोर्तुगीज सरकारला दरवर्षी चार लाख रुपये भरपाई ठरली. ती सरकारला. मिठागरांत राबणाऱ्यांच्या वाट्याला मात्र निर्बंध आणि बेकारी आली. 1892 मध्ये तह संपला, जकातीच्या चौक्या परत आल्या, रूळ मात्र तिथेच राहिले.

आता संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी. ‘दूधसागरचा इतिहास’ हा विषय घेऊन गाईडकडे गेलात तर ते हसतील, आणि बरोबरच आहे. तो विषय झाला, प्रश्न नाही झाला. ‘मिठाच्या बदल्यात आलेला पैसा आणि रेल्वेची हमी यांचा हिशोब कुठे जुळतो?’ हा प्रश्न आहे. त्यासाठी पणजी आणि लिस्बनची पोर्तुगीज दप्तरं एका बाजूला, मुंबई आणि लंडनची इंग्रजी दप्तरं दुसऱ्या बाजूला, अशी दोन्ही समोर ठेवावी लागतात. एकच बाजू वाचली की तह एकतर प्रगतीचा वाटतो, नाहीतर निव्वळ लुटीचा. पोर्तुगीज येत नसेल तर आत्ताच शिकायला लागा; पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी ते जमत नाही.

आणि मिठागरातल्या माणसांचं काय? ती दोन्हीकडच्या दप्तरांत फार करून आकडा किंवा गुन्हा म्हणूनच दिसणार: इतकं मीठ जप्त, इतका दंड. त्या नोंदी उलट्या बाजूने वाचायच्या. कोणी, कुठल्या वाटेने, कोणाला विकायला मीठ नेत होतं? सध्या मी तिथेच अडकलेय.