मुक्ता साळवेचा शाळेतला निबंध

आठवीत असताना आम्हाला इतिहासाचा एक प्रकल्प होता. विषय होता ‘माझं घराणं’. कार्डशीटवर वंशवृक्ष काढायचा, प्रत्येक पिढीतल्या माणसाचं नाव, गाव आणि काम लिहायचं, आणि शेवटी ‘या प्रकल्पातून मला काय समजलं’ यावर दहा ओळी. मला हा प्रकल्प फार सोपा गेला. आमच्या कपाटात आजोबांनी जपून ठेवलेला कुलवृत्तांत होता. त्यातून मी नऊ पिढ्यांची नावं उतरवून काढली, सायबर कॅफेतून झाडाचं रंगीत चित्र छापून आणलं आणि वीसपैकी एकोणीस मार्क मिळवले. शेवटच्या दहा ओळी बाबांनी सांगितल्या.

माझ्या बाकावरच्या मित्राच्या झाडाला तीनच पिढ्या होत्या. तो, त्याचे वडील आणि आजोबा. आजोबांच्या नावापुढे कामाच्या रकान्यात त्याने ‘पडेल ते’ असं लिहिलं होतं. त्याच्या वरचं झाड कोरं. बाईंनी विचारलं, “घरी नीट विचारलं नाहीस का रे?” तो म्हणाला, “विचारलं बाई. कुणालाच माहीत नाही.” त्याला नऊ मार्क मिळाले, आणि ‘माहिती अपुरी’ असा लाल शेरा. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मीच त्याला म्हणालो, “काहीतरी नावं टाकायचीस की, कोण तपासायला जातंय!”

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. तो पुन्हा आठवला गेल्या वर्षी, मुक्ता साळवेचा निबंध पहिल्यांदा पूर्ण वाचला तेव्हा. मी इंजिनिअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. मुक्ताचं नाव मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एखाद्या जयंतीच्या पोस्टमधून माहीत होतं, तेवढंच. पण शाळेतल्या लिखाणातून ‘आपण कोण?’ याचा शोध घेणारी एक मुलगी याच पुण्यात, माझ्या दीडशेहून जास्त वर्षं आधी होऊन गेली, आणि तिच्याकडे कुलवृत्तांत नव्हता, हे मला तिचा निबंध वाचल्यावरच कळलं.

आधी काळ समजून घेऊ. जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली ती १८४८ साली. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि सावित्रीबाई सतरा. म्हणजे आज आपण ज्यांना कॉलेजची मुलं म्हणू, त्या वयाची ही दोघं. पुढच्याच वर्षी या कामामुळे त्यांना वडिलांचं घर सोडावं लागलं. तरी १८५१ आणि १८५२ मध्ये मुलींच्या आणखी शाळा निघाल्या, आणि महार, मांग वगैरे जातींच्या मुलांसाठी वेगळ्या शाळाही सुरू झाल्या. वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल, इतिहास असे विषय तिथे शिकवले जात. अशाच एका शाळेत मांग समाजातली मुक्ता सुमारे तीन वर्षं शिकली. तिने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध लिहिला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला.

तीन वर्षांचं शिक्षण म्हणजे किती? आजच्या हिशेबाने तिसरी पास. एवढ्या शिदोरीवर या मुलीने काय केलं ते बघा.

तिने सुरुवात केली धर्मापासून. तिची मांडणी एखाद्या चोख इफ-एल्ससारखी आहे. मुसलमान कुराणाप्रमाणे वागतात, इंग्रज बायबलाप्रमाणे, ब्राह्मण वेदांप्रमाणे. प्रत्येकाकडे आपलं पुस्तक आहे. पण वेद फक्त आमचे, इतरांनी ते बघायचेही नाहीत, असं ब्राह्मण म्हणतात. ठीक. मग ज्यांना धर्मपुस्तक उघडायचीही मोकळीक नाही, त्यांना धर्म आहे असं कसं म्हणायचं? आम्ही धर्माशिवायची माणसं ठरतो. आणि इथे ती थेट देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते तूच सांग, म्हणजे तसं वागता येईल. ज्या धर्मात एकाने भोगायचं आणि बाकीच्यांनी नुसतं बघत राहायचं, तो धर्म पृथ्वीवर राहू नये, आणि त्याचा अभिमान आमच्या मनातही येऊ नये, असंही ती म्हणते.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा निबंध मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापला गेला. ‘मग ख्रिस्ती व्हा’ हे तयार उत्तर तिच्या हाताशीच होतं. परीक्षेत मार्क मिळवणारी मुलं अशा वेळी काय करतात हे आपल्याला चांगलं माहीत आहे, कारण आपण तेच केलंय. तपासणाऱ्याला आवडेल ते उत्तर लिहायचं. मुक्ताने प्रश्न प्रश्नासारखाच ठेवला.

हा प्रश्न किती खरा होता, ते पुढच्या तारखांवरून कळतं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मुक्ताच्या निबंधाला तेव्हा ऐंशी वर्षं झाली होती. नागपूरला धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे निबंधानंतर एकशे एक वर्षांनी. या घटना एकमेकींतून निघाल्या असं मला म्हणायचं नाही. पण ज्या प्रश्नावर लाखो माणसांनी पुढे निर्णय घेतला, तो प्रश्न एका शाळकरी मुलीने वहीत लिहून ठेवला होता.

धर्मानंतर ती इतिहासाकडे वळते, आणि इथे माझ्यासारख्या वाचकाला अडखळायला होतं. आमच्या शाळेतली पेशवाई म्हणजे अटकेपार झेंडे, शनिवारवाडा आणि पानिपत. मुक्ताची पेशवाई त्याच पुण्यातली, पण वेगळ्या ठिकाणाहून पाहिलेली. ती लिहिते की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू करून खेळत. मोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेलात कालवलेला शेंदूर पाजून पुरत असत, असं ती सांगते. यांच्यापैकी कुणी लिहावाचायला शिकलं तर त्याचा राज्यकर्त्यांना कसा संताप येई, तेही सांगते.

गुलटेकडी म्हणजे आज जिथे मार्केट यार्ड आहे तो भाग. मी तिथे दिवाळीच्या आदल्या दिवशी फुलं आणायला जातो. मुक्ताचा निबंध वाचल्यापासून ते नाव ऐकलं की मला आधी तिची ओळ आठवते आणि मग झेंडूचा भाव.

पेशवाई संपली १८१८ साली. मुक्ताचा जन्म त्यानंतर वीसेक वर्षांनी झाला. म्हणजे तिने यातलं काहीच डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हे तिच्यापर्यंत आलं असणार ते घरातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून. त्यांच्या आठवणी कुठल्याच बखरीत नव्हत्या, कारण बखर लिहिणाऱ्याने त्यांना विचारलंच नव्हतं. आज विद्यापीठात याला मौखिक इतिहास म्हणतात आणि त्याचे कोर्स असतात. मुक्ताने ते वर्गात शिकवल्याशिवाय केलं. वंशवृक्षात लिहायला नावं नव्हती, पण आपल्या माणसांचं काय झालं हे तिला माहीत होतं, आणि तोच तिचा कुलवृत्तांत झाला.

मग ती स्वतःच्या काळात येते. वर्णन अगदी घरातलं आहे. बाळंतपणाच्या वेळी आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असं ती वाचणाऱ्याला सांगते. त्यात आजार झाला तर औषधाला पैसे कुठले, आणि फुकट औषध देणारा वैद्य कोण? ब्राह्मणांच्या पोरांनी दगड मारून मांग-महारांच्या पोरांना रक्त काढलं तरी ती तक्रार करत नाहीत, कारण उष्टं मागायला त्यांच्याच दारात जायचं असतं.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. दगड मारणारा, तक्रार न करणारा आणि उष्टं, एवढ्या तीन गोष्टींत तिने सगळी व्यवस्था दाखवली. अपमान गिळावा लागतो कारण पोट त्याच दाराला बांधलेलं आहे. एवढी नेमकी गोष्ट मोठ्या पुस्तकांत शोधावी लागते. चौदा वर्षांच्या मुलीला ती दिसली, कारण ती त्या गल्लीतून शाळेत येत होती.

निबंधात इंग्रज सरकारचे आभारही आहेत. हा जुलूम बंद झाला, शाळा निघाल्या, म्हणून ती त्या राज्याला दयाळू म्हणते. आज आपल्याला हे टोचतं. दोन वर्षांनी १८५७ चा उठाव झाला आणि आपल्या पुस्तकात तिथून स्वातंत्र्याची गोष्ट सुरू होते. त्या गोष्टीत मुक्ताचे आभार कुठे बसवायचे ते कळत नाही. पण तिला गप्प करून गोष्ट सरळ करण्यापेक्षा ते न बसणंच लक्षात ठेवावं, असं मला वाटतं. गुलाम कोण आणि स्वतंत्र कोण, हे आपण कोणत्या दारात उभे आहोत त्यावरही ठरत होतं. जोतीरावांनी हाच विचार ‘गुलामगिरी’त सविस्तर मांडला तो १८७३ साली, म्हणजे त्यांच्या शाळेतल्या मुलीच्या निबंधानंतर अठरा वर्षांनी. गुरूंनी शिष्येकडून काय घेतलं आणि शिष्येने गुरूंकडून काय, याचा हिशेब आता लावता येणार नाही. पण शिकणं एकाच दिशेने झालं नसावं, एवढं मला वाटतं.

शेवटी मुक्ता आपल्याच माणसांशी बोलते. तुम्ही गरीब आणि आजारी आहात, ज्ञानाचं औषध घेतलंत तरच बरे व्हाल, अशा अर्थाचं ते आवाहन आहे. पूर्ण निबंधात ‘मी’ फारसा नाही. सगळीकडे ‘आम्ही’. आपण ओळख म्हटलं की आधी स्वतःकडे बघतो. माझी आवड, माझं करिअर, माझा बायो. मुक्ताला स्वतःबद्दल बोलण्यासाठी आधी ‘आम्ही’ला माणसांत आणावं लागलं.

या गोष्टीत मुक्ताइतकंच मोल तिच्या वर्गाचं आहे. कुणीतरी तिला निबंध लिहायला सांगितलं. तो वाचून ‘हे शाळेत लिहायचं नसतं, गाय किंवा पावसाळा यावर लिही’ असं म्हटलं नाही. पुढे कुणीतरी तो छापायला पाठवला आणि कुणीतरी छापला. यातलं एकही माणूस चुकलं असतं तर ती वही पुण्याच्या पावसात कुठेतरी भिजून गेली असती. त्यानंतर मुक्ताने लिहिलेलं दुसरं काही आपल्या हाती नाही. हा एकच निबंध उरला, आणि तेवढ्यावर तिचं नाव दलित स्त्रीच्या पहिल्या छापील लिखाणाशी जोडलं जातं. १९९१ साली सुझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लिखाणाचा मोठा इंग्रजी संग्रह काढला, त्याच्या पहिल्या खंडात तो भाषांतरित होऊन आला. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ सालचं. मुक्ता त्याच्याही सत्तावीस वर्षं आधीची.

माझ्या आठवीच्या वर्गात चूक कुठे झाली, हे मला आता कळतं. बाई वाईट नव्हत्या. प्रकल्पाचा तक्ताच असा होता की ज्याच्या घरी कागद आहेत तो हुशार ठरणार आणि ज्याच्या घरी नाहीत तो अपुरा. नऊ पिढ्यांची नावं उतरवताना मी स्वतःला एकही प्रश्न विचारला नव्हता. आमचीच नावं कागदावर कशी राहिली आणि बाकावरच्या मित्राची का नाही, हाच खरा इतिहासाचा प्रश्न होता. तो विचारण्याच्या सगळ्यांत जवळ माझा मित्र गेला होता, त्याच्या त्या ‘पडेल ते’ या दोन शब्दांत. आणि मी त्याला खोटी नावं टाकायला सांगत होतो.

गेल्या महिन्यात त्याला फोन केला. तो आता नाशिकला असतो, त्याची मुलगी दुसरीत आहे. तो प्रकल्प त्याला आठवत होता, मार्कांसकट. मी मुक्ताच्या निबंधाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “पाठव.” पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला की आजोबांची धाकटी बहीण अजून गावाकडे आहे, नव्वदीच्या पुढची, सुट्टीत पोरीला घेऊन जाऊन तिच्याशी बोलणार आहे, फोनवर रेकॉर्ड करणार आहे.

मुक्ताचा निबंध लहान आहे, पंधरा मिनिटांत वाचून होतो. आधी तो वाचा. आणि घरात कुणी नव्वदीच्या पुढचं असेल, तर रेकॉर्डर चालू करून त्यांच्याजवळ बसा.